विषकन्येच्या शेतात

पणतीतली वात कापसाची असते, ही गोष्ट सांगायला कुणी लेख लिहीत नाही. पण मी वऱ्हाडातल्या कापसाच्या गावात वाढलो, आणि आमच्याकडे दिवाळी आणि कापूस यांची फारकत कधी झालीच नाही. वेचणीचे दिवस ते. ओटीपासून माजघरापर्यंत कापसाचा ढीग लागलेला असे. त्यावर आम्ही पोरे लोळत असू, आणि आजी एका हाताने करंज्यांना मुरड घालीत दुसऱ्या हाताने आम्हांला हुसकावीत असे. तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी बसून मी मावा, तुडतुडे आणि त्यांच्यावरची विषे हा विषय काढला, तर वाचकांनी मला अगदीच अरसिक समजू नये. आपल्या वातीची कुळकथा या विषयावाचून पुरी होत नाही.

आमच्या बोलीत एक शब्द आहे: औषध. पोराला ताप आला की औषध, आणि पिकावर कीड पडली की तिच्यावर मारायचे तेही औषधच. ‘विष’ असे त्याला कुणी म्हणत नाही. आणि कर्जाला कंटाळून एखाद्याने जीव दिला, तर त्याच्याविषयीही ‘त्यानं औषध घेतलं’ असेच दबक्या आवाजात सांगतात. एका शब्दाने इतकी ओझी वाहावीत हे भाषेचे सामर्थ्य की आपला भित्रेपणा, याचा निवाडा भाषापंडितांनी करावा. मी इतकेच पाहिले आहे की डब्यावर काय लिहिले होते यापेक्षा त्याला आम्ही काय म्हणत होतो, याचाच परिणाम आमच्या वागण्यावर अधिक झाला.

आता किडींकडे वळू. पान कुरतडणारी अळी उघड दरोडेखोर असते. तिची विष्ठा दिसते, भोके दिसतात, ती स्वतःही दिसते. रस शोषणाऱ्या किडींची रीत निराळी. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण ही मंडळी बहुधा पानाच्या पाठीमागे दडतात. माव्याची सोंड केसाहून बारीक. ती पेशीपेशींच्या फटींतून वाट काढीत थेट रसवाहिनीला जाऊन भिडते. त्या रसात साखर फार आणि सत्त्व थोडे; म्हणून मावा हवे ते ठेवून घेतो आणि उरलेली साखर मागल्या बाजूने टाकून देतो. तोच आपला चिकटा. त्यावर काळी बुरशी चढते, नागपूरकडच्या संत्र्याच्या बागा ‘कोळशी’ने काळ्या पडतात त्या अशाच. मुंग्या तर या साखरेपायी माव्याची राखण करतात, गुराख्याने गाई राखाव्यात तशी. कपाशीवर तुडतुडे बसले की पाने कडेने पिवळी, मग तांबडी होतात आणि वाटीसारखी वळतात. शिवाय यांतल्या काही किडी एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडाला पोचवतात. भेंडीचा केवडा पांढऱ्या माशीच्या पायांनी नव्हे, तिच्या सोंडेने पसरतो.

अशा शत्रूवर वरून काही शिंपडले तर ते पानाच्या पाठीला पोचत नाही. आणि अळीसाठी पानावर पोटविष माखावे, तर हा प्राणी पान खातच नाही. तो वरचे माखलेले विष ओलांडून सोंड आत खुपसतो. जुन्या काळी तंबाखूचा काढा हा त्यावरचा बरा उपाय होता. युरोपातले माळी अठराव्या शतकात तो वापरीत. तंबाखूतले निकोटीन १८२८ साली हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान यांनी वेगळे काढले आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे निकोटीन सल्फेट बागाइतदारांच्या कोठीत राहिले. पण तेही अंगावर पडेल तरच लागू. पाऊस आला की धुऊन जाई, ऊन पडले की उडून जाई.

पुराणातल्या पूतनेने विष स्तनाला वरून माखले होते. ‘मुद्राराक्षसा’तली विषकन्या तशी नव्हे, तिचे विष अंगात भिनलेले. अमात्य राक्षसाने तिला चंद्रगुप्तासाठी पाठवली आणि चाणक्याने ती पर्वतकाच्या वाट्याला नेली, ही कथा आपल्याला ठाऊक आहेच. कीटकनाशकांच्या इतिहासात पूतनेकडून विषकन्येकडे जे संक्रमण झाले, ते विसाव्या शतकातले. झाडालाच विषारी करायचे. झाडाला इजा होऊ द्यायची नाही, पण त्याचा रस जो पिईल तो मरेल. आपण त्याला आंतरप्रवाही कीटकनाशक म्हणतो.

त्याचा पहिला सुगावा लागला तो एका वाईट जमिनीत. अमेरिकेच्या दक्षिण डाकोटा आणि आसपासच्या मैदानी मुलखात गुरांचे खूर झडत, केस गळत. १९३०च्या सुमारास शास्त्रज्ञांनी छडा लावला, की तिथल्या मातीत सेलेनियम आहे आणि ते चाऱ्यात उतरते. १९३६ साली अ‍ॅनी हर्ड-कॅरर आणि एफ. डब्ल्यू. पूस यांनी प्रसिद्ध केले, की सेलेनियमयुक्त मातीत वाढलेल्या गव्हावर मावा तग धरीत नाही. कल्पना तर सापडली. पण जो गहू माव्याला मारतो तो माणसाला काय करील, हा प्रश्न लगेच आडवा आला. म्हणून सेलेनियमचा वापर काचघरातल्या शेवंतीसारख्या न खाण्याच्या फुलांपुरता राहिला. त्या वेळी तेवढा विवेक दाखवला गेला, हे नोंदवून ठेवायला हवे.

त्याच वर्षी, २३ डिसेंबर १९३६ रोजी, जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एक संयुग तयार केले. हा गृहस्थ ई. गे. फार्बेन या अवाढव्य कारखान्याचा नोकर. आधी रंगांवर काम करणारा, मग कीटकनाशके शोधायला लावलेला. नवे संयुग अत्यल्प प्रमाणातही माव्याला मारी. जानेवारीत त्याचा एक थेंब प्रयोगशाळेत सांडला आणि श्राडरला व त्याच्या मदतनिसाला दिवे मंद झाल्यासारखे दिसू लागले, श्वास कोंडला. दोघांना बरे व्हायला काही आठवडे लागले. लष्करी उपयोगाचे शोध सरकारला कळवावेत, असा जर्मनीत तेव्हा कायदा होता. माव्यावरचे औषध अशा रीतीने बर्लिनला गेले आणि ‘टाबुन’ या नावाने युद्धवायू झाले. १९३८ साली त्याच माणसाच्या हातून ‘सारिन’ निघाला; त्या नावातला पहिला ‘स’ श्राडरच्या नावाचा. महायुद्धाच्या काळातच त्याने आपली शेतीची वाटही सोडली नाही. झाडाच्या अंगात फिरणारे एक संयुग त्याने आणि त्याचा सहकारी क्यूकेन्थाल याने हुडकले, पुढे त्याला ‘श्राडान’ हेच नाव पडले. युद्धानंतर विजेत्यांनी श्राडरकडून सारे विचारून, लिहून घेतले आणि ही विद्या इंग्लंड-अमेरिकेत पोचली. ब्रिटनमध्ये श्राडान शेतावर आले, १९५१च्या सुमारास डेमेटॉन आले, दशक सरता सरता डायमेथोएट आले. हेच आपल्याकडे ‘रोगर’ म्हणून घरोघर ठाऊक झाले.

या सर्व रसायनांची मारण्याची रीत एकच. एका मज्जातंतूचा निरोप पुढे पोचला की तो पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते. ही विषे त्या पुसणाऱ्याचाच हात धरतात. निरोप पुसला जात नाही, मज्जातंतू घणघणत राहतात. किडीत आणि माणसात हा पुसणारा जवळजवळ सारखाच. आणि आणखी एक खोच: डायमेथोएटचे झाडात आणि प्राण्याच्या देहात ओमेथोएट होते, ते मूळ मालापेक्षा अधिक जहाल. विषकन्या नुसती विष साठवीत नाही, कधी कधी ते उगाळून तेजही करते.

श्राडरला दिवे मंद दिसले, हे मी पुष्कळ पुढे वाचले; आणि वाचताच पुस्तक मिटून बसलो. कारण ते वाक्य मी आधी ऐकलेले होते, वऱ्हाडीत.

१९७४ सालची गोष्ट. संकरित कापसाचे दिवस नुकते सुरू झाले होते. सुरतेला निघालेले एच-४ हे संकरित वाण १९७० साली आले आणि त्याच्या मागोमाग खत, पाणी, पंप, औषध असा सारा लवाजमा गावोगाव आला. आमचे जुने देशी वाण बोंडे लहान देई, धागा आखूड देई. पण तुडतुड्यांना फारसे जुमानीत नसे. वास्तविक दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टन येथे पार्नेल यांनी १९२०च्या दशकातच दाखवून दिले होते, की पानावर दाट लव असलेल्या कपाशीवर तुडतुड्यांचा जोर चालत नाही. लव हेही औषधच होते म्हणायचे. पण ते डब्यात मिळत नव्हते, आणि आबांना डबा हवा होता.

आमच्याकडे एक सालदार होते. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. पोळा होऊन काही दिवस झाले होते. भर दुपारी, अनवाणी, उघड्या पाठीवर पंप लटकवून मामा छातीएवढ्या पऱ्हाटीत शिरले. वारा समोरून होता. पाण्याच्या बादलीत औषध मी ढवळले, पऱ्हाटीच्या काडीने. वय वर्षे अकरा. एका टोपणाऐवजी दोन टाक, असे आबांनी सांगितले होते, कारण तुडतुडे फार झाले होते. डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन होता, खालचा त्रिकोण लाल, वर कवटी आणि हाडे. बाकीचा मजकूर मुंगीच्या पायाएवढा आणि इंग्रजीत. मधल्या सुट्टीत मामांनी त्याच हाताने तंबाखू मळली. तासाभराने ते बांधावर आले, खाली बसले आणि म्हणाले, “मालक, दिवस बुडाला का हो? डोयापुढं अंधारच येऊन राह्यला.” डोक्यावर रखरखीत ऊन होते.

मग तोंडाला लाळ, घाम, उलट्या, हातापायांच्या स्नायूंना सुटलेले थरके. बैलगाडीने तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी अ‍ॅट्रोपिनची सुई दिली, थोड्या वेळाने पुन्हा दिली, आणि अशी रात्रभर देत राहिले. अ‍ॅट्रोपिन हे बेलाडोना नावाच्या वनस्पतीतून निघते. ही बेलाडोना, आपला धोतरा, तंबाखू, वांगी, मिरची, सारी एका कुळातली भावंडे. कुळात विषही आहे, उताराही आहे, आणि भरीतही. पहाटे मामांना भ्रम झाला. ते कांबळ्यावरून चिमटीने काहीतरी उचलून ओच्यात टाकू लागले. आम्हांला वाटले, खेळ झाला. डॉक्टर म्हणाले, औषध पुरेसे चढल्याचे हे लक्षण. मामा कापूस वेचत होते.

ते वाचले. आबा त्यांना काही म्हणाले नाहीत, क्षमाही मागितली नाही. तशी रीत नव्हती. त्या महिन्याचे धान्य एक पायली जास्त गेले, एवढे मला आठवते. ‘दोन टोपणे’ हा शब्द घरात पुन्हा निघाला नाही, आणि काडी माझ्या हातात होती हे कुणी काढले नाही.

आता याला केवळ आमचे अज्ञान म्हणावे, तर इतिहास तसे म्हणू देत नाही. ज्ञान होते, ते वेगळ्या गावी होते. कॅलिफोर्नियात १९५४च्या सुमारास लसूणघासावर ठिपकेवाला मावा नव्याने आला. शेतकऱ्यांनी जबर फवारण्या केल्या, माव्याचे मित्रशत्रू सारे मेले, आणि मावा विषाला सरावून दुप्पट जोमाने परतला. तेव्हा स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चौघा कीटकशास्त्रज्ञांनी आंतरप्रवाही डेमेटॉन मुद्दाम कमी मात्रेत वापरून पाहिले. रस पिणारा मावा मेला. पण ढालकिडे आणि इतर भक्षक रस पीत नसल्याने बरेच वाचले, आणि उरलेला मावा त्यांनी फस्त केला. १९५९ साली या चौघांनी लिहिलेल्या निबंधातून एकात्मिक नियंत्रणाचा विचार पुढे आला. दिसली कीड की मार फवारा असे करू नये. नुकसान फवारणीच्या खर्चाहून मोठे होऊ लागेल, त्या पातळीपर्यंत थांबावे. म्हणजे विषकन्येचा उपयोग करायचाच, तर चाणक्याच्या हिशेबाने. आमच्या बांधावर पंधरा वर्षांनी जे आले, त्यात विषकन्या होती. चाणक्य वाटेत कुठे उतरला कोण जाणे.

रेचल कार्सन बाईंच्या १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्येही या आंतरप्रवाही विषांना जागा मिळाली आहे, त्यांना ग्रीक पुराणातल्या मीडियाचे विषारी वस्त्र आठवले. त्याच १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान यांनी दाखवले, की निंबोळीचे पाणी शिंपडलेल्या पिकाला टोळ तोंड लावीत नाहीत. आपल्या अंगणातल्या निंबाला ही प्रतिष्ठा मिळायला दिल्लीची वाट पाहावी लागली, असो.

आपल्या देशात कायदा आला तो प्रेतांच्या मागून. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे श्राडरच्याच घराण्यातले विष जहाजावर धान्याच्या मालात मिसळले आणि शंभरावर माणसे गेली. चौकशी झाली, १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला, १९७१ साली नियम झाले आणि तो कोनावरचा रंगीत चौकोन डब्यांवर आला. मामांनी पाठीवर घेतलेले औषध कायद्याप्रमाणे सर्वथा रीतसर होते.

पुढे तंबाखूनेच पुन्हा डोके वर काढले. निकोटीनसारखे, पण उन्हात टिकणारे आणि माणसापेक्षा किडीला अधिक लागणारे रसायन हवे होते. अमेरिकेत शेल कंपनीच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात एक गाठले, ते उजेडात टिकेना. जपानात शिन्झो कागाबू यांनी १९८५ साली इमिडाक्लोप्रिड शोधले. १९९१पासून ते बाजारात आले. आता फवाराही नको. बी त्यात घोळले की पुरे. रोप उगवते तेच विषकन्या होऊन. फवारणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे वरदानच म्हटले पाहिजे, आणि मामांची आठवण असलेला मी त्याला नावे ठेवायला कचरतो. पण विष रसात गेले तसे मधात आणि परागातही गेले. मधमाशी ही काही कीड नव्हे. तिचा गुन्हा एवढाच की तीही फुलाचा रसच पिते. युरोपीय संघाने यांतल्या तीन रसायनांवर २०१३ साली निर्बंध घातले आणि २०१८ साली उघड्या शेतात ती बंद केली.

आमच्या मुलखात २००२ साली बीटी कापूस आला. तो बोंडअळीसाठी; तुडतुड्यांशी त्याचा काही संबंध नाही. बोंडअळीच्या फवारण्या घटल्या, तसा रस शोषणाऱ्यांना रान मोकळे झाले. इमिडाक्लोप्रिड लावलेले बीज सर्वत्र पेरले गेले आणि काही वर्षांत तुडतुडे त्यालाही सरावले. २०१७च्या पावसाळ्यात कपाशी डोक्याएवढी वाढली होती. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो इस्पितळात गेली. वापरलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस होते, तेही आंतरप्रवाही, श्राडरच्याच गोतावळ्यातले. बातम्यांतली लक्षणे मी वाचली: डोळ्यांपुढे अंधारी. त्रेचाळीस वर्षांत पंप बदलले होते, माणसाची उघडी पाठ तीच होती. २०२३ साली मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला.

सारे चित्र काळेच आहे असे मात्र नाही. २००२ साली सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला, तेव्हा पश्चिम महाराष्ट्राची झोप उडाली होती. ऊस दोन पुरुष उंच. त्यात पंप घेऊन शिरणार कोण आणि वरून फवारणार कसा? नाइलाजाने का होईना, लोकांनी पाने उलटून पाहिली. तिथे डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा नाजूक कीटक माव्यावर ताव मारीत होते. साखर कारखान्यांनी आणि संशोधन संस्थांनी ते वाढवले, सोडले. शेतकरी त्यांनी भरलेली पाने पाहुण्यांच्या गावाहून आणून आपल्या फडात बांधू लागले. काही हंगामांत लोकरी मावा आटोक्यात आला. फवारणे अशक्य होते, म्हणून हे सुचले. कापूस मात्र छातीएवढाच असतो.

बिहारात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतले दुपारचे जेवण जेवून तेवीस मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. ही बातमी वाचली तेव्हा मला १९७४ची दिवाळी आठवली.

आजीने औषधाचा रिकामा डबा राखेने तीनदा घासला होता. पत्रा चांगला जाड, झाकण घट्ट. असा डबा कोण टाकतो? तिने त्यात पणत्यांसाठी करडीचे तेल भरून ठेवले. शेजारीच फराळाच्या तेलाचा डबा. धनत्रयोदशीला मामा ओटीवर कापसाचे गाठोडे टाकायला आले आणि माजघराच्या दारातून त्यांना तो दिसला. त्यांना वाचता येत नव्हते. कवटी येत होती. घरात कधीही पाऊल न टाकणारे मामा सरळ आत आले, तेलासकट डबा उचलला आणि परसाकडे गेले. आजी ओरडली, “अरे, सणाचं तेल आहे ते!” मामांनी ते उकिरड्यावर ओतले, डबा सबलीने चेचला, कमरेएवढा खड्डा खणून त्यात पुरला आणि वर दगड ठेवला. मग हात राखेने, मातीने आणि पुन्हा राखेने धुतले.

आजी संध्याकाळभर बोलली नाही. रात्री तिने तुळशीपुढे तुपाची दोन निरांजने लावली आणि त्यांतले एक उचलून मामांच्या खोपटाच्या दारात ठेवून आली. ओटीवरच्या पणत्या त्या वर्षी कोरड्याच राहिल्या.